रोगट पाला कंपोस्टमध्ये नको

पावसाळा संपता संपता टोमॅटोची खालची पानं करप्याने तपकिरी पडतात, गुलाबाची पानं काळे ठिपके पडून गळतात. हा पाला कुंडीतच राहू देऊ नका. दोन्ही रोगांच्या बुरशी गळलेल्या पाल्यावर टिकतात आणि पावसाच्या किंवा झारीच्या शिंतोड्यांबरोबर पुन्हा वरच्या पानांवर पोचतात.

कंपोस्टमध्येही तो टाकू नका. ढीग आतून 55 अंशांच्या वर काही दिवस तापला तर बहुतेक बुरशी मरतात, पण बाल्कनीतला ड्रम तेवढा क्वचितच तापतो. मुळांवर गाठी दिसल्या तर ते बहुधा सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे मातीतले सूक्ष्म जंत. अशी मुळं तर नकोतच. हा सगळा कचरा पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. जाळायचा मात्र नाही. कात्री स्पिरिटने पुसून घ्या.

बाकी निरोगी पाला, वाळकी फुलं, छाटलेल्या फांद्या खुशाल वापरा. फांद्यांचे बोटभर तुकडे करा, नाहीतर वर्षभर तशाच राहतात. ओल्या कचऱ्याच्या एका थरावर सुक्या पानांचे दोन थर घाला. आंबूस वास आला की सुकी पानं वाढवा, ढीग उलथा.