नव्या बेटराष्ट्राच्या आरोग्यसेवेचे अंदाजपत्रक कसे मांडावे

कोल्हापुरात लोकप्रशासन किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याने नव्याने स्वशासित झालेल्या बेटराष्ट्राची आरोग्ययोजना प्रकल्पासाठी निवडली, तर आपल्याकडचे लोकसंख्येचे निकष जसेच्या तसे लावण्याचा मोह त्याने आवरावा. आपल्याकडे सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे उपकेंद्र आणि ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र धरले जाते. डोंगरी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० आहेत. प्रशांत महासागरातील, १९७८ साली स्वतंत्र झालेल्या तुवालूची लोकसंख्या सुमारे ११ हजार आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने तेथे दोन-चार उपकेंद्रांवर भागावे. प्रत्यक्षात हा देश नऊ बेटांत विखुरलेला असून रुग्णालय एकच, तेही राजधानी फुनाफुटीत आहे. म्हणून प्रथम बेटांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे लोकसंख्या, रुग्णालय गाठण्यास बोटीने लागणारा वेळ आणि दोन फेऱ्यांमधील सर्वांत मोठा खंड लिहावा. पुढचा जवळजवळ सगळा खर्च या तक्त्यातूनच निघतो.

औषधसाठाही त्या खंडावरच ठरवावा, सरासरीवर नव्हे. २०१९ च्या महापुरात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि प्रयाग चिखलीत बोटीशिवाय पोहोचता येईना, हे पाहिलेल्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको.

निधीची बाजू मांडताना भांडवली आणि आवर्ती खर्च काटेकोरपणे वेगळे ठेवावेत. देणगीदार देश इमारत आनंदाने बांधून देतात, कारण तिच्यावर कोनशिला बसवता येते; परिचारिकेचा पगार, जनरेटरचे डिझेल आणि लसींची शीतसाखळी (लसी सतत थंड ठेवण्याची व्यवस्था) मात्र वर्षानुवर्षे सरकारलाच सांभाळावी लागते. त्यामुळे पुढील दहा वर्षांचा आवर्ती खर्च जोडल्याशिवाय कोणतीही इमारत स्वीकारू नये, असे माझे मत आहे. शिवाय बाहेरचे अनुदान कायम राहील असे धरू नये. मार्शल बेटे आणि मायक्रोनेशिया ही प्रशांतातील बेटराष्ट्रे १९८६ पासून अमेरिकेशी मुक्त सहयोगाच्या कराराने (देश स्वशासित, पण संरक्षण आणि अर्थसाहाय्य अमेरिकेचे) जोडलेली आहेत. २००४ पासून अमलात आलेल्या सुधारित करारात शिक्षण, आरोग्य आदी क्षेत्रांसाठीचे वार्षिक अनुदान टप्प्याटप्प्याने घटवून ती रक्कम विश्वस्त निधीत, म्हणजे गुंतवून उत्पन्न मिळवण्यासाठी राखलेल्या निधीत, वळवण्याची तरतूद होती. तुवालूनेही १९८७ मध्ये असा निधी उभारला. तेव्हा अंदाजपत्रकात अनुदानाचा रकाना उतरता आणि निधीच्या उत्पन्नाचा चढता दाखवावा, आणि दोहोंतील तूट कोणत्या करातून भरायची तेही लिहावे.

सर्वांत अवघड बाब परदेशी उपचारांची आहे. राधानगरीचा रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, तेथून गरजेप्रमाणे पुण्या-मुंबईला जातो, पण तुवालूच्या रुग्णाला फिजीला विमानाने न्यावे लागते. मूठभर रुग्णांवर मोठी रक्कम जाते आणि नाही म्हणणे कोणत्याही मंत्र्याला जड जाते. यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातील खर्चाचे वेगळे सदर), वार्षिक मर्यादा आणि लेखी वैद्यकीय निकष ठेवावेत. निर्णय डॉक्टरांच्या समितीने घ्यावा आणि मंत्र्याची शिफारस ग्राह्य धरू नये.

प्रशासनाची रचना आकाराप्रमाणे ठरते. मायक्रोनेशियात चार घटक राज्ये आपापली आरोग्यसेवा चालवतात. तुवालूएवढ्या देशात असे थर परवडत नाहीत. मात्र दोन्हीकडे देणगीदारांचा पैसा सरकारी हिशेबवहीतूनच खर्ची पडला पाहिजे. प्रत्येक देणगीदाराने वेगळा अहवाल मागितला, तर मोजके अधिकारी तक्ते भरण्यातच अडकतात आणि बेटांवरची तपासणी राहून जाते.