पर्यटन व्यवसायाची वेबसाइट: या चुका टाळा

साइट सुरू होऊन एक हंगाम उलटला की मंडळी माझ्याकडे येतात. तक्रार ठरलेली असते: "दिसायला छान झालीय हो, पण बुकिंग येत नाही." पाठोपाठ विचारतात, नवी थीम (साइटचं तयार रूप) घेऊ का, जाहिरातीवर खर्च वाढवू का. मी आधी त्यांचा चौकशीचा फॉर्म भरून बघतो. सहली काढणारे असोत, मुक्कामाच्या खोल्या देणारे असोत की नावेतून फेरफटका मारून आणणारे, चुका त्याच त्या असतात आणि त्यातल्या बहुतेक डिझाइनच्या नसतातच.

फॉर्म भरला, पण मेल कुठे गेली?

छोट्या गटांना जंगलात फिरायला नेणारं एक जोडपं आहे. नवी साइट करून घेतली, जाहिरात केली, आणि अख्खा हंगाम चौकशीची वाट बघत काढला. "सर, रोज माणसं साइटवर येतात असं आकडे सांगतात. मग एकालाही काही विचारावंसं वाटत नाही का?" त्या बाई अगदी रडकुंडीला आल्या होत्या. मी त्यांच्यासमोरच फॉर्म भरला. हिरव्या अक्षरांत संदेश आला: धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू. इनबॉक्समध्ये काही नाही. स्पॅम उघडला तर माझी मेल तिथे, आणि तिच्याखाली खऱ्या गिऱ्हाइकांच्या चौकशांची रांग.

त्यातली एक अकरा जणांच्या कुटुंबाची होती. आजींना जिना चढवत नाही, गाडी मुक्कामाच्या दारापर्यंत येते का, एवढंच विचारलं होतं. काही दिवसांनी त्यांचीच दुसरी मेल: तुमचं उत्तर आलं नाही, आम्ही दुसरीकडे ठरवलं. ही तरी दिसली. जीमेल स्पॅममधल्या मेल 30 दिवसांनी आपोआप पुसून टाकतं, त्यामुळे त्याआधी किती चौकशा येऊन गेल्या ते आता कधीच कळणार नाही.

बिघाड साधा होता. फॉर्म मेल पाठवताना 'फ्रॉम'च्या, म्हणजे पाठवणाऱ्याच्या, जागी गिऱ्हाइकाचा पत्ता घालत होता. पत्ता गिऱ्हाइकाच्या जीमेलचा, पण मेल निघाली होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या कंपनीच्या, सर्व्हरवरून. मेल घेणारी यंत्रणा एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्यांतून बघते की ज्याच्या नावाने मेल आलीय, त्याच्या डोमेनने (पत्त्यातल्या @ पुढच्या नावाने) या सर्व्हरला परवानगी दिलीय का. दिलेली नसते, म्हणून मेल संशयित ठरते. काही डोमेन तर याबाबत फार कडक आहेत. याहूने 2014 सालीच आपल्या पत्त्यांसाठी असा नियम लावला की तपासणीत नापास झालेली मेल सरळ नाकारा. अशा गिऱ्हाइकाची चौकशी स्पॅममध्येसुद्धा सापडत नाही. ती परत जाते सर्व्हरच्या कुठल्यातरी खात्यात, जे कुणी उघडत नाही.

"स्पॅममध्ये जाऊन 'नॉट स्पॅम' दाबत राहा" हा सल्ला मी अनेक डेव्हलपरांच्या तोंडून ऐकलाय. मला त्याची चीड येते, कारण दुखणं तसंच राहतं आणि मालकाला वाटतं की काम झालं. 'फ्रॉम'मध्ये आपल्याच डोमेनचा पत्ता हवा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये, म्हणजे उत्तर बरोबर त्यालाच जातं. मेल पाठवणं होस्टिंगच्या भरवशावर न सोडता ती आपल्या मेल खात्यात लॉगिन करून एसएमटीपीमार्फत (मेल पाठवण्याची ठरलेली पद्धत) पाठवावी, आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) वरच्या तिन्ही तपासण्यांच्या नोंदी करून घ्याव्यात. हे काम एका दुपारचं आहे.

एवढं करूनही मी मेलवर पूर्ण विश्वास टाकत नाही. प्रत्येक चौकशी साइटच्या डेटाबेसमध्ये साठलीच पाहिजे, हा माझा हट्ट असतो. फॉर्मची पुष्कळ प्लगइन (साइटला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) आपणहून साठवत नाहीत. ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. शिवाय दर सोमवारी सकाळी, वेगळ्या मेल पत्त्यावरून, फोनच्या डेटावर मी फॉर्म भरतो आणि मेल कुठे पोचली ते बघतो. प्लगइन अपडेट झालं, होस्टिंग बदललं, पासवर्ड बदलला की फॉर्म गुपचूप बंद पडतो आणि हिरवा संदेश मात्र तसाच दिसत राहतो.

फॉर्ममध्ये विचारायचं तरी किती? नाव, फोन किंवा मेल, तारीख, माणसं किती, आणि लिहायला एक मोकळी जागा. पत्ता, व्यवसाय, आमच्याबद्दल कुठे ऐकलंत, हे बुकिंग झाल्यावर विचारा. आणि कार्डाचा नंबर फॉर्मवर किंवा मेलवर कधीही मागू नका. पैसे पेमेंट गेटवेच्याच (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या) पानावर घ्या.

फोटो: चार एमबीचा सूर्यास्त

पर्यटनाची साइट फोटोंवर चालते हे खरं, आणि तीच साइट फोटोंनीच बुडते हेही खरं. आजचा फोन सहज 12 मेगापिक्सेलचा, म्हणजे 4000 गुणिले 3000 पिक्सेलचा फोटो काढतो. फाइल तीन-चार एमबीची. तशीच्या तशी वर चढवायची, असे पाच फोटो स्लायडरमध्ये (एकामागून एक सरकणाऱ्या फोटोंच्या पट्टीत) टाकायचे, आणि बघायचं कुठे? ऑफिसच्या वायफायवर, मोठ्या पडद्यावर. तिथे सगळं झकास दिसतं. पण गिऱ्हाईक असतं बसमध्ये, डोंगरातल्या रस्त्यावर, अर्ध्या नेटवर्कवर. त्याच्या फोनच्या पडद्यावर खूप झालं तर 1200 पिक्सेल रुंदीचा फोटो पुरतो. बाकीचा सगळा भार फुकट वाहायचा.

पान गिऱ्हाइकाला किती चटकन आणि स्थिर दिसतं हे बघायला गूगल तीन मापं वापरतं. पानातला सर्वात मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर पानाने 200 मिलिसेकंदांच्या आत हालचाल दाखवावी, आणि पान लोड होताना मजकूर वरखाली उडण्याचा आकडा 0.1 च्या आत राहावा. हे प्रत्यक्ष भेटींवरून मोजतात, आणि चारातल्या तीन भेटींना तरी हा अनुभव मिळायला हवा. दुसरं माप मार्च 2024 पासूनचं. त्याआधी तिथे वेगळं माप होतं, म्हणून जुने सल्ले वाचताना जपून.

माझी पद्धत अशी. फोटो साइटवर चढवण्याआधीच कापून घ्यायचा: मोठ्या पडद्यासाठी 1600 पिक्सेल रुंद, फोनसाठी 800. वेबपी या हलक्या फाइलच्या फॉरमॅटमध्ये साठवायचा. ब्राउझरला दोन्ही आकार द्यायचे, तो आपला योग्य तो उचलतो. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहायची, म्हणजे फोटो येण्याआधीच त्याची जागा राखली जाते आणि 'बुक करा'वर बोट ठेवेपर्यंत बटण खाली सरकत नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावायचं, म्हणजे माणूस तिथवर सरकला की मगच ते येतात. अगदी वरच्या, पहिल्या फोटोला मात्र कधीच लावायचं नाही. वेग वाढवणारी प्लगइन सरसकट सगळ्यांना लावून मोकळी होतात आणि जो फोटो सर्वात आधी यायला हवा तोच शेवटी येतो. नवशिक्यांना एक बटण दाबून साइट वेगवान करायची असते. अशी तीन-तीन प्लगइन एकमेकांच्या उरावर बसवलेल्या साइट मी बघितल्यात. ती काढून फोटो नीट कापले की साइट लगेच हलकी होते. थोडा वेळ द्या, फोटो हाताने कापा.

स्लायडर तर काढूनच टाका. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत थांबणारी माणसं फार थोडी.

आणि फोटोत दाखवायचं काय, हे वजनाइतकंच महत्त्वाचं. सूर्यास्त सगळीकडे सारखाच दिसतो. लोकांना खोलीतलं न्हाणीघर बघायचं असतं, पायऱ्या किती उंच आहेत, गाडीतल्या सीट कशा आहेत, तंबूत उभं राहता येतं का. विकत घेतलेले तयार फोटो लावलेत तर फोटोवरून उलट शोध घेतला की तोच फोटो आणखी दहा साइटवर निघतो आणि विश्वास तिथेच संपतो.

बाकीच्या चुका

पहिल्या पडद्यावर 'अविस्मरणीय अनुभव' लिहू नका. कुठून निघणार, किती दिवस, कोणाला झेपेल, दर किती आणि त्यात काय धरलेलं नाही, हे लिहा. रद्द केल्यास किती पैसे कधी परत, हे बुकिंगच्या बटणाजवळच असू द्या. ते शोधायला लागलं की माणूस घाबरतो.

दरपत्रक पीडीएफमध्ये ठेवू नका. फोनवर ते वाचवत नाही, आणि जुनी फाइल सर्व्हरवर राहिली की सर्चमध्ये तीच सापडते. मग गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वीचा दर दाखवून भांडतं, आणि त्याचं काही चुकलेलं नसतं.

तारीख 05/06 अशी लिहू नका. कोणी 5 जून वाचतं, कोणी 6 मे. महिना अक्षरांत लिहा.

खोल्या दोन-तीन ठिकाणी विकत असाल आणि कॅलेंडर आयकॅलने (तारखा एका साइटवरून दुसरीवर नेणारी फाइल) जोडलं असेल, तर लक्षात ठेवा की ते ठरावीक अंतराने ताजं होतं, त्याच क्षणी नाही. मधल्या वेळात एकच खोली दोघांना जाते. गर्दीच्या दिवसांत मी एक खोली बाहेरच्या साइटवर दाखवूच देत नाही. कायमचा इलाज म्हणजे थेट जोडलेली बुकिंग यंत्रणा.

साइट तयार होत असताना वर्डप्रेसमध्ये (साइट बांधायचं सॉफ्टवेअर) 'सर्च इंजिनांनी ही साइट दाखवू नये' अशी खूण केलेली असते. सुरू करताना ती काढायची राहते, आणि मालक महिनोन्‌महिने एसइओवाल्याला, म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणणाऱ्याला, पैसे देत बसतो.

एचटीटीपीएस (साइट आणि ब्राउझरमधली माहिती गुप्त ठेवणारी जोडणी) नसलेल्या साइटला क्रोम जुलै 2018 पासून असुरक्षित म्हणतो. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, फक्त ते 90 दिवसांचं असतं. त्याचं नूतनीकरण आपोआप होतंय ना, ते होस्टिंगवाल्याला विचारा.

फोन नंबर चित्रात लिहू नका. बोट लावलं की फोन लागला पाहिजे.

साइट नव्याने बांधताना जुन्या पानांचे पत्ते बदलले तर प्रत्येक जुना पत्ता 301 ने ('पान कायमचं हलवलंय' असं सांगणाऱ्या खुणेने) नव्याकडे वळवा. सगळे पत्ते होमपेजकडे ढकलणं हा आळशीपणा आहे. 'पावसाळी ट्रेक' शोधत आलेल्या माणसाला होमपेज दाखवलं तर तो परत जातो, आणि सर्चमध्ये वर्षानुवर्षं कमावलेली जागाही जाते.

शेवटचं डोमेनचं. ते डेव्हलपरच्या किंवा भाच्याच्या मित्राच्या खात्यावर घेतलेलं असतं. तो नोकरी बदलतो, मेल पत्ता बंद होतो, मुदत संपल्याच्या सूचना कुणालाच मिळत नाहीत, आणि ऐन हंगामात साइट व मेल दोन्ही एकाच दिवशी बंद पडतात. डोमेनचं खातं आपल्या नावावर आणि आपल्या मेलवर घ्या. तो मेल पत्ता त्याच डोमेनचा नको, नाहीतर डोमेन बंद पडल्यावर सूचनाही पोचणार नाहीत. नूतनीकरण आपोआप होण्यावर ठेवा आणि ज्या कार्डावरून पैसे जातात त्याची मुदत वर्षातून एकदा तपासा. सध्या डोमेन कोणाच्या खात्यात आहे ते ठाऊक नसेल, तर थीमचे रंग निवडण्याआधी आज तेवढा एक फोन करा.