बेड्यापासून खळ्यापर्यंत: खडीच्या वाटेचा हिशेब

आमच्या बेड्यापासून, म्हणजे फाटकापासून, खळ्यापर्यंतची, म्हणजे अंगणापर्यंतची वाट 120 फूट लांब. देवगड तालुक्यातलं घर, भोवती हापूसची कलमं. एप्रिल-मेमध्ये पेट्या न्यायला पिकअप खळ्यात यावी लागते आणि गणपतीला मुंबईकरांच्या गाड्या. ही वाट मी दोनदा केली. पहिल्यांदा ऐन मे महिन्यात, घाईघाईत, मातीवरच दोन डंपर खडी ओतून. चतुर्थीला दीर गाडी घेऊन आले, तोवर अर्धी खडी चिखलाने गिळली होती आणि उरलेली व्हाळात, म्हणजे ओढ्यात गेली होती. तो खर्च खालच्या हिशेबात धरलेला नाही.

दुसऱ्यांदा गावातल्याच एका जुन्या गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, "वयनी, आधी पानी खंय जाता ता बघूया. खडी मगे." भर जुलैत तो रेनकोट घालून आला आणि पाणी वाटेवर जिथे चढतं, जिथून उतरतं, तिथे तिथे त्याने काठ्या रोवल्या. सहा काठ्या. त्यातल्या चार फणसाजवळ, दहा पावलांच्या आत. सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरचं सगळं पाणी तिथूनच वाट ओलांडत होतं आणि मी पंचवीस वर्षं त्यातून चालत होते! आपल्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा पाणी बघायचं हे काम पावसातच करा. उन्हाळ्यात सगळ्या वाटा चांगल्या दिसतात.

प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर काढलं, जमीन वाळल्यावर. जेसीबीने सहा इंच मऊ माती काढली. जिथे कातळ लागला तिथे थांबलो, जुन्या खाचराच्या कडेला मात्र घट्ट जमीन लागेपर्यंत खाली गेलो आणि चिरेखाणीतला चुरा भरून ठोकला. हा जांभ्याचा चुरा खाली भरायला उत्तम आणि स्वस्त. तोच वर पसरलात तर पावसाळ्यात लाल चिखल आणि उन्हाळ्यात ओटीभर धूळ. फणसाजवळ वाटेखालून सिमेंटचे दोन नळे टाकले, वरच्या अंगाला गटार काढलं.

खडी किती लागेल ते घरीच काढा. लांबी, रुंदी, जाडी सगळं फुटांत घेऊन गुणायचं आणि 100 ने भागायचं, म्हणजे ब्रास मिळतात; एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. आमची वाट 120 बाय 10. खालचा थर चार इंच, म्हणजे 400 घनफूट, 4 ब्रास. रोलर फिरला की खडी बसते, म्हणून पाव भाग जास्त धरून 5 ब्रास. वरचा दोन इंचांचा थर त्याच हिशेबाने अडीच. खाली 40 एमएमची खडी, वर 20 एमएम आणि क्रशरची डस्ट एकत्र, पाणी मारून दाबलेली. खडी क्रशरची, कोनेदार काळ्या दगडाचीच घ्या. नदीचे गुळगुळीत गोटे दिसायला छान, पण ते एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखालून पळतात.

डंपर आला की खाली ओतू देण्याआधी टेप लावा. मला "अडीच ब्रास" म्हणून आलेल्या गाडीचा हौदा 10 फूट लांब, साडेसहा रुंद आणि खडी तीन फूट उंच भरली. 195 घनफूट, दोन ब्राससुद्धा नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, "काकी, वाटेत दबली." दबते, हे खरं. पण अर्धा ब्रास दबत नाही. पैसे मोजलेल्या मापाचेच दिले. खडीची सरकारी रॉयल्टी भरल्याची पावतीही तिथेच मागून घ्या.

2023च्या दिवाळीनंतरचं माझं बिल असं: जेसीबी पाच तास 6,500, खालची खडी 20,000, वरचा थर 10,500, रोलर 6,000, नळे 5,000. दोन्ही कडांना चिरे बसवले. पंधरा इंचांचा एक, म्हणून 240 फुटांना 192. फुटतूट धरून 200 मागवले, त्यांचे 8,000. मजुरी 9,000. एकूण 65,000, म्हणजे चौरस फुटाला साधारण 54 रुपये. खाणीतला चुरा घरच्या बांधकामातून उरला होता, तुम्हाला तो वेगळा पडेल. तुमच्याकडचे दर क्रशर किती लांब आहे त्यावर ठरतील. कडेच्या चिऱ्यांत पैसे वाचवावेसे वाटतील, पण वाचवू नका. कड नसली की खडी दर पावसाळ्यात वीतभर बाहेर सरकते. काँक्रीटचा दर मला दुपटीहून जास्त सांगितला होता. तरी बेड्याजवळ चढ आहे तिथे दोन चाकोऱ्यांपुरतं काँक्रीट करायला हवं होतं, असं आता वाटतं. चढावर खडी टिकत नाही.

वाटेचा मध्य कडांपेक्षा दोन इंच उंच हवा. गवंड्याने आडवी दोरी ताणून, लेव्हलची नळी धरून दर दहा फुटांवर तपासलं, आणि रोलरवाला कंटाळून चहाला निघून गेला. हा फुगीरपणा गेला की पाणी वाटेवरूनच वाहू लागतं.

राखणीचं काम थोडं पण दरवर्षीचं. मेच्या शेवटी, पेट्या संपल्या की, दोन गडी एक दिवस: गटारातला पालापाचोळा काढणं, नळ्यांत बांबू घालून बघणं, कडेला गेलेली खडी दाताळ्याने मध्यावर ओढणं. त्याचे 1,400. एक वर्षाआड ब्रासभर खडी, पसरण्यासकट 4,900. वर्षाकाठी चार हजारांच्या आत भागतं. श्रावणात टाकळा उगवतो तो मी हातानेच उपटते, कोवळा असला तर भाजीला. खड्डा पडला की नुसती खडी टाकू नका, ती पुन्हा उडते; आधी खड्डा कुदळीने उकरून कडा मोकळ्या करा, मग खडी आणि डस्ट भरून, पाणी मारून धुम्मसाने ठोका.

खड्डे आमच्याकडे खळ्याच्या तोंडाशीच पडतात, कारण सगळे पाहुणे गाडी उभी करून जागच्या जागी स्टेअरिंग फिरवतात. दिरांना दोनदा सांगून झालं. यंदाचा खड्डा घमेलंभर मोठा आहे, त्याच्यापुरती खडी पोत्यात भरून पडवीत ठेवली आहे.