अजाइल साऱ्या कंपनीत नेताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, नवा पार्ट तयार होताना त्याच्या मागे मागे फिरून बघा. ग्राहकाचं ड्रॉइंग येतं, कॉस्टिंग होतं, मग पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), कोअर बॉक्स (आतली पोकळी घडवणाऱ्या कोअरचा साचा), सॅम्पल कास्टिंग, फेटलिंग (ओतीव भागाची साफसफाई), मशिनिंग, तपासणी. हात लागतो ते दिवस थोडेच. बाकीचा वेळ पार्ट दोन विभागांच्या मधे पडून असतो. सही व्हायची असते, पीओ (खरेदीची ऑर्डर) निघायची असते, नाहीतर मशीन मोकळं व्हायचं असतं. आयटी विभागातली अजाइल पद्धत, म्हणजे लहान गटाने छोट्या टप्प्यांत काम करत सुधारत जायची रीत, साऱ्या कंपनीत न्यायची, तर ती या मधल्या जागेत न्यावी लागते.

प्रत्येक विभागाचा वेगळा फलक

ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. चालू कामं मांडायला परचेसचा एक फलक, क्वालिटीचा दुसरा, मशीन शॉपचा तिसरा. प्रत्येकाची कामं वेळेत, तरीही पार्ट उशिरा! संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ साली लिहून ठेवलं आहे की, संस्थेत माणसांचा आपसातला संवाद जसा असतो, तशीच तिच्या हातून घडणारी रचना होते. संवाद विभागांच्या भिंतीपाशी थांबत असेल, तर कामही तिथंच थांबणार.

त्यामुळे फलक विभागाचा नको, पार्टचा करा. एकच प्रॉडक्ट लाइन निवडा आणि पॅटर्न, मोल्डिंग, मशीन शॉप, क्वालिटी, परचेस यांतला एकेक माणूस घेऊन गट बांधा. स्क्रम ही अजाइलमधली एक कार्यपद्धत; तिच्या ‘स्क्रम गाइड’ या मार्गदर्शिकेनुसार गट साधारण १० जणांचा किंवा त्याहून लहान असावा. गुढीपाडव्याला मुहूर्त काढून सगळे विभाग एकदम सुरू करू नका.

फलक नवा, मोजमाप जुनं

इथं मात्र नीट थांबायला हवं, कारण बहुतेक प्रयत्न इथंच मोडतात. मेल्टिंगच्या माणसाला महिन्याचं टनेज विचारलं जातं. मग तो जड कास्टिंग आधी ओतणार, हलक्या सॅम्पलचे साचे मागे राहणार. परचेसला दर कमी केल्याची शाबासकी मिळते, म्हणून तो आणखी एक कोटेशन मागवतो आणि कोअर बॉक्सचा आठवडा जातो. यात कुणाचीही लबाडी नाही. आपल्याला ज्याचा हिशोब द्यावा लागतो, तेच माणूस सांभाळतो.

टनेज बंद करा असं मी म्हणणार नाही. भट्टीचं वीजबिल भरायचं असतं. पण त्याच्या शेजारी गटातल्या सर्वांसाठी एक सामाईक आकडा ठेवा: ड्रॉइंग आल्यापासून ग्राहकाने सॅम्पल पास करेपर्यंतचे दिवस. इन्क्रिमेंटच्या वेळी हा आकडा खरोखर विचारला गेला, तरच वागणं बदलेल.

सगळीकडे दोन आठवड्यांचा स्प्रिंट

२००१ साली अमेरिकेतल्या युटामध्ये १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, तो सॉफ्टवेअरसाठी. मेंटेनन्सचं ब्रेकडाउन स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, बघून येत नाही आणि अकाउंट्सला जीएसटीच्या तारखा पाळाव्याच लागतात. अशा ठिकाणी कानबान बरं: एका वेळी हातात किती कामं घ्यायची, याला मर्यादा. समजा, २४ सॅम्पल एकदम चालू आहेत आणि आठवड्याला ४ पूर्ण होतात; म्हणजे एका सॅम्पलला सरासरी ६ आठवडे. चालू सॅम्पल १२ वर आणली आणि वेग तोच राहिला, तर ३ आठवडे. ग्राहकाला लवकर माल द्यायचा, तर नवं काम उशिरा सुरू करायचं धाडस लागतं.

सकाळची बैठक की हजेरी?

गटाच्या रोजच्या छोट्या बैठकीत बोलताना सगळे साहेबांकडे बघत असतील, तर ती हजेरीच. १५ मिनिटांत गटाने आजच्या कामाचं ठरवायचं असतं. आणि ‘मालकांना विचारून सांगतो’ हे वाक्य रोज ऐकू येत असेल, तर दोष बैठकीचा नाही, अधिकाराचा आहे. किती रकमेपर्यंतची खरेदी गट स्वतः करू शकतो, ते मालकांनी लेखी द्यावं.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. वितळलेल्या धातूजवळचे सुरक्षेचे नियम आणि ग्राहकाने मंजूर केलेली प्रक्रिया गटाने परस्पर बदलायची नाही. ही हद्द पहिल्याच दिवशी सांगा.

दुसऱ्याची रचना उचलणं

‘स्क्वॉड’ (लहान गट), ‘ट्राइब’ (अशा गटांचा समूह) ही नावं स्पॉटिफाय या संगीत ऐकवणाऱ्या कंपनीच्या कामावर २०१२ साली आलेल्या लेखातून पसरली. ते त्या कंपनीचं त्या वेळचं चित्र होतं. नुसती नावं बदलून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात काही हलणार नाही.

गाडी अडली असेल तर

नुकताच उशीर झालेला एक पार्ट घ्या. तो प्रत्येक विभागात कधी आला, हात कधी लागला, पुढे कधी गेला, या तारखा एका कागदावर लिहा. ज्या दोन तारखांत सर्वांत मोठं अंतर असेल, तिथल्या दोन्ही माणसांना समोरासमोर बसवा. दोष कुणाचा हे न विचारता, पुढच्या पार्टला ते अंतर निम्म्यावर आणायला काय लागेल, एवढंच विचारा. पहिल्या गटाचे दिवस सलग काही पार्टना कमी झालेले दिसले, की त्यातली एक-दोन माणसं दुसऱ्या लाइनच्या गटात बसवा आणि तिथं हाच कागद पुन्हा भरायला घ्या.