झेडपी शाळेची खोली गटात शिकवायला कशी बदलायची

दोन खोल्यांमधली भिंत पाडून हॉल करायची घाई करू नका, जुन्या शाळांत बऱ्याचदा त्याच भिंतीवर छत उभं असतं. 1993 ला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी किती जीव घेतले ते लातूर-धाराशिवला सांगायला नको, म्हणून आधी इंजिनिअरला दाखवा, लेखी घ्या, मगच हात लावा.

लांब जड बाकं काढा. हलके टेबल घ्या, चार-पाच लेकरं गोल बसतील असे, पैसे नसले तर सतरंजी, खरंच चालते. फळा एकच नको, भिंतीला खालून दीड-दोन फुटावर काळा पट्टा रंगवा, पहिलीतल्या लेकराचा हात पुरला पाहिजे. दाराखाली फरशीवर कोन आखा, दार उघडताना 30, 60, 90 अंश डोळ्यानं दिसतात अन् भूमितीची भीती जाते.

पत्र्याची खोली असंल तर आधी उन्हाचं बघा, एप्रिलात डोकं तापलेलं लेकरू काय शिकणार, वरून पांढरा रंग मारा, समोरासमोर खिडक्या ठेवा, अंगणातल्या कडुलिंबाला पार बांधा, तोही वर्गच.

हे सगळं शाळा व्यवस्थापन समितीत मांडा, तिथं 75 टक्के पालकच असतात, ठराव घेऊन टाका.