जुनं फार्महाऊस घरच्यांनीच दुरुस्त करायचंय? आधी छप्पर बघा

रंग, फरशी, किचनच्या टाइल्स हे सगळं नंतर. आधी छप्पर, मग भिंतींची ओल, मग वायरिंग-प्लंबिंग आणि प्लास्टर त्यानंतर, नाहीतर नवं प्लास्टर फोडून पाइप टाकायची वेळ येते.

जोरदार पाऊस चालू असताना टॉर्च घेऊन माळ्यावर जा, गळती तेव्हाच सापडते, आणि पाणी वाशावरून ओघळत भलतीकडेच टपकतं म्हणून डाग दिसतो तिथेच भोक असेल असं नाही. वासे-तुळयांची टोकं भिंतीत शिरतात ना, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय.

आता भिंती. दगड-मातीच्या किंवा चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका प्लीज! ओल आत कोंडते आणि काही काळाने पोपडे सुटतात. चुन्याचंच करा, साधारण १ भाग चुना ३ भाग वाळू, पातळ थर, आणि काही दिवस पाणी शिंपडून ओलसर ठेवा, घाईने वाळलं की तडे जातात. चुना डोळ्यांना फार वाईट, गॉगल-ग्लोव्हज मस्ट. पण त्याआधी बाहेरच्या मातीचा उतार भिंतीपासून लांब जाईल असा काढा, बरीचशी ओल तिथूनच येते.

पोरांना खिळे वेचायला लावा, खुशाल, पण जुना रंग खरवडताना लांब ठेवा, त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, ओला करून काढा. मेन बोर्ड आणि भार घेणारी भिंत मात्र जाणकाराकडूनच, इथे पैसे वाचवायचे नाहीत.