आधी स्वतःच्या डोक्यातला ‘च’ शोधा

लाइफ कोचला हजारो रुपये देण्याआधी एक वही घ्या आणि दोन आठवडे घरीच करून बघा, म्हणजे नक्की कशासाठी कोच हवाय ते तरी कळेल.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आरईबीटी ही विचार तपासून बदलायची उपचारपद्धत सुरू केली, त्यातली एबीसी पद्धत इथे कामाला येते. पानावर तीन रकाने पाडा. घटना, तेव्हा मनात आलेलं वाक्य, आणि मग काय वाटलं, काय केलं. उदा. बॉसने मेसेज वाचून रिप्लाय दिला नाही, मनात आलं ‘माझं काम सगळ्यांना आवडलंच पाहिजे’, आणि अख्खी संध्याकाळ चिडचिडीत गेली, पोरावर ओरडलो ते वेगळंच. आता तो ‘च’ पेनाने गोल करा. खरी गंमत तिथेच आहे, कारण आपण समजतो घटनेने त्रास दिला पण बराचसा त्रास त्या हट्टाचा असतो. ‘आवडलं तर बरं, नाही तर विचारून घेईन’ असं लिहून बघा, सुरुवातीला खोटं वाटतं, वाटू दे.

आठ-दहा पानं झाली की तेच तेच ‘च’ दिसायला लागतात. त्यातला एकच निवडा आणि ‘असं झालं तर मी हे करेन’ असा छोटा प्लॅन ठरवा. मोठे संकल्प नकोत.

कोच घेणारच असाल तर शिक्षण विचारा, कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे लायसन्स लागत नाही. आणि झोप उडालीय, जगणं नकोसं वाटतंय, तर कोच नाही, डॉक्टर गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.